बिशप अझरया : एका मेजावरच्या समतेचा आग्रह

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात जगभरातील अनेक चर्चमध्ये ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह पाळला जातो. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट परंपरेतील भाविक त्या निमित्ताने एकत्र येतात. भारतात या ऐक्याचा पाया घालणाऱ्यांत वेदनायगम सॅम्युएल अझरया यांचे नाव अग्रभागी येते. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप होते. निरनिराळ्या पंथांनी एका नावाखाली यावे, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. एकत्र येणारी माणसे एकमेकांशी बरोबरीने वागणार आहेत का, हा प्रश्न त्यांनी हयातभर लावून धरला.

अझरया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागातील वेल्लालनविलई या खेड्यात झाला. वडील खेड्यातील अँग्लिकन धर्मगुरू होते. कुटुंब नाडार समाजातील होते. अंगावर कोणते वस्त्र घ्यावे, यासाठीही ज्या समाजाला एकोणिसाव्या शतकात झगडावे लागले, तो हा समाज. अझरया पंधरा वर्षांचे असतानाच पित्याचे छत्र हरपले. पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, मात्र पदवी हाती आली नाही. १८९५ च्या सुमारास ते वायएमसीए या युवक संघटनेच्या कार्यात शिरले आणि तिचे सचिव म्हणून दक्षिण भारतभर हिंडले.

या भ्रमंतीत एक गोष्ट त्यांना सलू लागली. भारतीय ख्रिस्ती माणूस पैशासाठी, निर्णयासाठी आणि नेतृत्वासाठीही परदेशी मिशनकडे डोळे लावून बसला होता. १९०२ साली ते श्रीलंकेतील जाफन्याला गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशावर धर्मकार्य चालवताना त्यांनी पाहिले. परतल्यावर पुढच्याच वर्षी तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि कारभारही भारतीय, असे तिचे स्वरूप होते. १९०५ च्या नाताळात बंगालमधील श्रीरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते.

तिरुनेलवेलीच्या संस्थेने तेलुगू मुलखातील डोर्नकल परिसर कार्यक्षेत्र म्हणून निवडला होता. हा भाग त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. आपला मराठवाडाही त्याच संस्थानाचा भाग होता. १९०९ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेऊन अझरया तेथे दाखल झाले. तेलुगू ही त्यांना नव्याने शिकावी लागलेली भाषा. शहरातील मानाचे पद सोडून ते खेड्यांतल्या गरिबांमध्ये राहायला आले होते.

१९१० च्या जूनमध्ये स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधींत आशियातील ख्रिस्ती वीसही नव्हते. अवघ्या पस्तीस वर्षांच्या अझरयांनी तेथे परदेशी मिशनरी आणि भारतीय कार्यकर्ते यांच्यातील संबंधांवर भाषण केले. मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी नाकारला नाही. मात्र हेच मिशनरी भारतीय सहकाऱ्याला घरी जेवायला बोलावत नाहीत, त्याच्याशी मालक-नोकराच्या नात्याने वागतात, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. शेवटी त्यांनी पैसा मागितला नाही, माणसे मागितली नाहीत. मागितली ती केवळ मैत्री. सभागृहात अस्वस्थता पसरली. काहींना हा कृतघ्नपणा वाटला. तरीही त्या परिषदेची आठवण आज निघते, ती बहुधा याच भाषणामुळे.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अझरयांना डोर्नकलचे बिशप म्हणून अभिषेक झाला. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी त्यासाठी पाठबळ दिले होते. गोरे मिशनरी भारतीय बिशपचा अधिकार मानतील का, अशी शंका तेव्हा उघडपणे घेतली जात होती. आरंभी त्यांना दिलेला धर्मप्रांतही लहानच होता. काही वर्षांत तो आंध्रच्या मोठ्या भागावर विस्तारला आणि अनेक इंग्रज मिशनरी त्यांच्या हाताखाली काम करू लागले. पुढे या धर्मप्रांतातील ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली.

त्यांतील बहुसंख्य लोक माला आणि मादिगा या जातींतून आलेले होते. दोन्ही जाती गावकुसाबाहेरच्या, पण परस्परांतही उच्चनीच पाळणाऱ्या. ख्रिस्ती झाल्यावर हा भेद आपोआप गळून पडत नसे. दोघांनी एकाच ठिकाणी उपासना करावी, एकाच पेल्यातून प्रभुभोजन घ्यावे, असा अझरयांचा आग्रह होता. बैलगाडीने खेडोपाडी फिरून त्यांनी ग्रामशिक्षक घडवले. पत्नी अंबू यांनी स्त्रियांच्या शिक्षणाची व संघटनेची धुरा वाहिली. ६ जानेवारी १९३९ रोजी अभिषिक्त झालेल्या डोर्नकलच्या कॅथेड्रलमध्ये हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती वास्तुशैलींचा मेळ घातलेला आहे.

पंथभेदाचा प्रश्न त्यांना याच खेड्यांत भेटला. या गावी अँग्लिकन, पलीकडच्या गावी मेथॉडिस्ट, त्यापुढे काँग्रिगेशनल. युरोपातील जुन्या वादांतून जन्मलेले हे भेद तेलुगू शेतमजुराच्या माथी का मारावेत, हा त्यांचा सवाल होता. १९१९ च्या मे महिन्यात तरंगंबाडी येथे विविध पंथांचे धर्मगुरू जमले. बहुतेक सारे भारतीय. १७०६ साली भारतातील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी याच बंदरात उतरले होते. तेथून ऐक्याचे जे आवाहन निघाले, त्यामागे अझरया ही प्रमुख प्रेरणा होती.

वाटाघाटी पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालल्या. मुख्य अडथळा बिशपपदाचा होता. बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेल्या धर्मगुरूंना समान मान्यता द्यावी की नाही, यावर वाद रंगले. दरम्यान १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतरच्या काळात अझरया आणि आंबेडकर यांची भेट झाल्याची हकिकत चर्चच्या इतिहासात सांगितली जाते. आपले लोक ख्रिस्ती झाले, तर सर्वत्र एकाच चर्चमध्ये राहतील का आणि तेथे जातिभेदापासून मुक्त असतील का, असे बाबासाहेबांनी विचारले. दोन्हींपैकी एकाही प्रश्नाला होकार देता आला नाही, याची लाज अझरयांना आयुष्यभर बोचत राहिली, असे म्हणतात.

१ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकल येथे अझरयांचे निधन झाले. त्यांचे स्वप्न साकार व्हायला अद्याप पावणेतीन वर्षे होती. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि साउथ इंडिया युनायटेड चर्च यांच्या मीलनातून चर्च ऑफ साउथ इंडिया जन्माला आले. देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. बिशप असलेली आणि बिशप नसलेली चर्च अशा रीतीने एक होण्याची घटना जगात अपूर्व मानली गेली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही याच वाटेने.

हे यश निर्भेळ मात्र नव्हते. अझरयांच्याच धर्मप्रांतातील नंद्याळ भागातील अँग्लिकन मंडळ्या आरंभी या ऐक्याबाहेर राहिल्या. दलित ख्रिस्ती बांधवांना काही ठिकाणी उपासनेत, पदांच्या वाटपात, इतकेच नव्हे तर दफनभूमीतही दुजाभाव सोसावा लागतो, ही तक्रार आजही संपलेली नाही. येवल्याच्या घोषणेनंतर विचारल्या गेलेल्या त्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर दक्षिणेने १९४७ मध्ये आणि उत्तरेने १९७० मध्ये काही अंशी दिले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठराव संमत करून देता येत नाही. ते प्रत्येक मंडळीने आपल्या गावात, आपल्या पंगतीत आणि आपल्या दफनभूमीत द्यायचे आहे.