डासांशी लढणारे डॉक्टर

मुलांनो, जगाचा नकाशा उघडा. उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी तुम्हांला दिसेल. हा पनामा देश. तेथे सुमारे ८० किलोमीटर लांबीचा कालवा आहे. त्याने अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर जोडले आहेत. हा कालवा इंजिनीअर आणि मजूर यांनी बांधला. पण एका डॉक्टरांनी डासांना आवरले नसते, तर तो पुरा होणे कठीण होते. त्यांचे नाव विल्यम गॉर्गस.

गॉर्गस यांचा जन्म १८५४ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. त्यांचे वडील फौजेत अधिकारी होते. आपणही फौजेत जावे, असे विल्यम यांना वाटे. पण लष्करी विद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला नाही. तरी ते निराश झाले नाहीत. वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८० मध्ये ते फौजेत डॉक्टर झाले. टेक्सासमध्ये असताना त्यांना पीतज्वर झाला. सुदैवाने ते बचावले.

त्या काळी घाणीमुळे आणि दूषित हवेमुळे ताप येतो, असे लोक मानत. क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी मात्र १८८१ मध्ये डासांकडे बोट दाखवले. १८९७ मध्ये आपल्या देशात, सिकंदराबाद येथे, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. पुढे १९०० मध्ये वॉल्टर रीड यांनी क्यूबात प्रयोग केले आणि फिन्ले यांचे म्हणणे खरे ठरले. गॉर्गस तेव्हा हवाना शहराचे आरोग्य अधिकारी होते. त्यांना हे आधी पटले नव्हते. पुरावा पाहताच त्यांनी आपले मत बदलले आणि साचलेल्या पाण्यावर मोहीम उघडली. १९०१ मध्ये हवानातून पीतज्वर नाहीसा झाला.

पनामात पूर्वी फ्रेंचांनी कालवा खणायला घेतला होता. तेथे हजारो माणसे तापाने मेली. इस्पितळात मुंग्या चढू नयेत, म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत. त्याच पाण्यात डास वाढत!

१९०४ मध्ये अमेरिकेने हे काम हाती घेतले आणि गॉर्गस पनामात आले. डासांवर पैसा खर्च करणे वरिष्ठांना वेडेपणा वाटे. १९०५ मध्ये पीतज्वराची साथ आली. घाबरलेले कामगार पळू लागले. गॉर्गस यांना काढून टाका, अशी मागणी झाली. पण अध्यक्ष रूझवेल्ट आणि नवे मुख्य इंजिनीअर स्टीव्हन्स यांनी त्यांना पाठिंबा दिला.

मग काम जोरात सुरू झाले. घरोघरी धुरी दिली. डबकी बुजवली, गटारे काढली, पाण्यावर तेल ओतले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. शहरात नळ आले, त्यामुळे घरात पिंपे भरून ठेवण्याची गरज उरली नाही. कामगारांना क्विनीन फुकट मिळू लागले. १९०६ अखेर पीतज्वर संपला. हिवताप पूर्ण गेला नाही, पण खूप कमी झाला. १९०६ मध्ये सुमारे २६,००० कामगारांपैकी २१,००० हून अधिक जणांना हिवतापाने इस्पितळात जावे लागले होते. १९१२ मध्ये कामगार ५०,००० वर गेले, तरी असे रुग्ण सुमारे ५,६०० च होते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जाळीची चांगली घरे मुख्यतः गोऱ्या कामगारांना मिळाली. बार्बाडोससारख्या बेटांवरून आलेले काळे मजूर गर्दीच्या, साध्या खोल्यांत राहत. म्हणून त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. १९२० मध्ये पीतज्वराच्याच कामासाठी आफ्रिकेला जायला निघालेले गॉर्गस लंडनमध्ये आजारी पडले आणि तेथेच वारले.

मुलांनो, पीतज्वर पसरवणारा डासच आज आपल्याकडे डेंग्यू पसरवतो. तो घरातल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. तेव्हा आज घरी गेल्यावर कूलर, कुंड्या आणि गच्चीवरचे जुने टायर पाहा. त्यांत पाणी साचले असेल, तर ते लगेच ओतून टाका. पाण्याची टाकी मात्र झाकून ठेवा.