मॉर्गन बल्कली : पहारीचे गव्हर्नर

धन आणि सत्ता हीं एकाच हातीं आलीं म्हणजे त्या मनुष्याची पारख त्याच्या दानावरून करावी कीं त्याच्या वर्तनावरून, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेंतील कनेटिकट संस्थानचे मॉर्गन बल्कली यांचें चरित्र पाहतांना तो आमच्यापुढें पुन्हा उभा राहतो.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १८३७ रोजीं झाला. वडील एटना आयुर्विमा कंपनीचे पहिले अध्यक्ष. तरी पुत्रानें प्रथम ब्रुकलिन येथें मामांच्या दुकानांत उमेदवारी केली व यादवी युद्धांत शिपाईगिरीही केली. १८७२ सालीं वडील वारल्यावर ते हार्टफर्डला परतले. १८७९ सालीं एटनाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें, तें ४३ वर्षें, मरेपर्यंत, राहिलें. १८८० ते १८८८ ते हार्टफर्डचे नगराध्यक्ष होते. त्या पदाचें वेतन त्यांनीं शहरांतील गोरगरिबांस दिलें.

१८८९ सालीं ते गव्हर्नर झाले. १८९० च्या निवडणुकींत ते उमेदवारही नव्हते. परंतु मतमोजणीचा वाद पडला, विधिमंडळाचीं दोन सभागृहें दोन पक्षांच्या हातीं, त्यामुळें निकालच लागेना. नवा गव्हर्नर ठरेपर्यंत आपणच, असें म्हणून बल्कली खुर्चीवर राहिले. विरुद्ध पक्षाच्या हिशेबतपासनिसानें कचेरीचें कुलूप बदललें, तेव्हां त्यांनीं पहारीनें दार उघडविलें. खर्चास मंजुरी मिळेना, तेव्हां आपल्या व एटनाच्या पैशावर राज्याचा गाडा हांकला. १८९२ सालीं न्यायालयानें त्यांचा अधिकार मान्य केला. १८९३ सालीं ते पायउतार झाले.

हें औदार्य कीं हट्ट? आमच्या मतें दोन्ही. गरिबांस दिलेलें वेतन हा निव्वळ त्याग होता. राज्यासाठीं ओतलेला पैसा मात्र त्यांची खुर्चीही राखीत होता. ज्याच्या थैलीवर घर चालतें, त्यास जाब विचारणें घरच्यांस जड जातें.

पुढें १९०५ ते १९११ ते सेनेटर होते. १९०६ सालीं ब्राउन्सव्हिल येथील गोळीबारावरून अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं १६७ काळ्या सैनिकांस खटल्यावांचून बडतर्फ केलें. बल्कली रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे. तरी त्यांनीं सैनिकांची बाजू घेतली. त्यांत त्यांस ना मतें मिळावयाचीं होतीं, ना खुर्ची.

६ नोव्हेंबर १९२२ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या खटपटीनें १९०८ सालीं पुरा झालेल्या हार्टफर्डच्या दगडी पुलास त्यांचें नांव आहे. आम्हांस मात्र, ज्यांजकडून कांहींच मिळणार नव्हतें त्यांजसाठीं त्यांनीं टाकलेला शब्द, हें त्यांचें खरें दान वाटतें.