तीन टिंबांचा माणूस : गुग्लिएल्मो मार्कोनी

आपल्या मळमड्डीला रेल्वे स्टेशन काही दूर नाही. तारयंत्राची कट्ट-कड, कट्ट-कड लहानपणी ऐकलेली माणसे आता आजोबा-आजी झाली आहेत आणि २०१३ च्या जुलै महिन्यात सरकारी तारसेवाही इतिहासजमा झाली. परंतु टिंब आणि रेघ यांची ती भाषा ज्याने तारेवाचून समुद्रापार धाडली, त्या मार्कोनीचे चरित्र मात्र अजून जुने झालेले नाही. क्षीण आवाज ऐकू आला, एवढे सांगून भागत नाही. तो खरोखर आला हे सिद्ध करावे लागते. हा धडा त्याच्या आयुष्याने विज्ञानाच्या विद्यार्थ्याला दिला आहे.

गुग्लिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील सधन जमीनदार, तर आई ॲनी जेम्सन ही आयर्लंडची. विद्यापीठाची पदवी त्याला कधी मिळाली नाही. मात्र शेजारी राहणारे प्राध्यापक रिगी यांच्या सहवासाचा लाभ झाला. हाइनरिश हर्ट्झने विद्युत्‌चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने दाखवून दिले होते. १८९४ मध्ये हर्ट्झ वारला आणि त्याच्या कार्याविषयी वाचता वाचता या वीस वर्षांच्या तरुणाच्या मनात आले, की याच लहरींवर निरोप का पाठवू नये? घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडले. पुढील वर्षी त्याचे संकेत टेकडीपलीकडे पोहोचले. तेथे उभा असलेला भाऊ अल्फोन्सो याने बंदुकीचा बार काढून ते मिळाल्याची खूण दिली.

१८९६ मध्ये तो आईबरोबर इंग्लंडला गेला, पेटंटसाठी अर्ज केला आणि वर्षभरातच कंपनीही स्थापन झाली. मार्कोनी सर्वस्वी नवे तत्त्व शोधणारा नव्हता. अनेकांचे तुकडे जोडून चालते यंत्र उभे करणारा तो कुशल माणूस होता. यात आपल्या देशाचाही वाटा आहे. कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास बिनतारी लहरींचे जाहीर प्रयोग केले होते. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा यांचा संवेदक रॉयल सोसायटीपुढे मांडला. १९०१ साली मार्कोनीने इटालियन नौदलाकडून आलेला जो पाऱ्याचा संवेदक वापरला, तो याच जातीचा होता. बसूंना मात्र पेटंटाची आणि पैशाची ओढ नव्हती.

मार्कोनीने आता अटलांटिक ओलांडण्याचा घाट घातला. प्रकाशाप्रमाणे या लहरीही सरळ रेषेत जातात. मग पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून त्या पलीकडे पोहोचणार कशा, असे जाणकार विचारीत होते. इंग्लंडच्या टोकाला पोल्डू येथे उभारलेले उंच डोलखांब सप्टेंबर १९०१ च्या वादळात कोसळले. तरीही तो डगमगला नाही. तात्पुरती तार उभारून तो न्यूफाउंडलंडला गेला आणि तेथील सिग्नल हिल या टेकडीवर पतंगाच्या साहाय्याने तार आकाशात चढविली. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी, टेलिफोनचा कर्णा कानाला लावून बसलेल्या मार्कोनीला सोसाट्याच्या वाऱ्यात तीन टिंबे ऐकू आली. त्याने कर्णा सहकारी जॉर्ज केम्प याच्याकडे दिला. त्यालाही ती ऐकू आली.

जगभर गाजावाजा झाला, पण शंकाही उठल्या. पुरावा काय, तर दोन माणसांचे कान. आणि तेही काय येणार हे आधीच ठाऊक असलेले! आकाशातील विजेची खरखरही टिंबासारखीच वाजते. शिवाय दिवसा त्या लांबीच्या लहरी वातावरणात फार शोषल्या जातात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे त्या दुपारी त्याने नेमके काय ऐकले, यावर अभ्यासकांत अजूनही मतभेद आहेत.

टीकाकारांना मार्कोनीने दिलेले उत्तर मोलाचे आहे. तो वादात पडला नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो फिलाडेल्फिया जहाजावर चढला आणि पोल्डूहून येणारे संकेत कागदी फितीवर उमटवून घेत निघाला. रात्री २००० मैलांपलीकडूनही खुणा उमटल्या. दिवसा मात्र ७०० मैलांच्या पुढे काही मिळेना. कानाची साक्ष बाजूला ठेवून त्याने कागदाची साक्ष काढली. त्याच वर्षी केनेली आणि हेव्हिसाइड यांनी आकाशात उंचावर लहरी परतविणारा विद्युत्‌भारित थर असावा असे सुचविले. १९२४ मध्ये ॲपलटनने तो सिद्ध केला. मार्कोनीला १९०९ चे नोबेल पारितोषिक ब्राउनबरोबर विभागून मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले तेव्हा बिनतारी हाकेमुळेच सातशेच्या वर जीव वाचले.

मार्कोनी चुकलाही. लांब पल्ल्यासाठी लांब लहरी आणि प्रचंड शक्तीच हवी, असा त्याचा ग्रह झाला आणि जग त्याच्यामागे गेले. अमेरिकेतील हौशी लोकांना १९१२ च्या कायद्याने २०० मीटर व त्याखालच्या ‘निरुपयोगी’ लहरी दिल्या. डिसेंबर १९२१ मध्ये याच हौश्यांचे संकेत स्कॉटलंडमध्ये स्पष्ट ऐकू आले. मार्कोनीने मग १९२३ मध्ये आपल्या ‘एलेत्रा’ नौकेवर आखूड लहरी तपासल्या आणि आपली चूक पुढे जाहीरपणे कबूल केली. त्याचा सहकारी फ्रँकलिन याने लहरींचा झोत एकाच दिशेला सोडणाऱ्या तारा रचल्या. त्यातून निघालेली भारत-इंग्लंड बीम सेवा सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाली. तिचे प्रक्षेपण पुण्याजवळच्या खडकीहून होई, तर ग्रहण दौंडला. दोन्ही केंद्रे मुद्दाम दूर ठेवलेली; नाहीतर आपल्याच यंत्राच्या गर्जनेत विलायतेहून आलेली कुजबूज ऐकू आली नसती. सोलापूरमार्गे पुण्याला जाताना दौंड लागले की हे आठवावे.

या माणसाच्या चरित्राला काळी बाजूही आहे. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात शिरला आणि मुसोलिनीच्या राजवटीत मोठी पदे भूषविली. बुद्धीची झेप आणि विवेक यांचा मुक्काम नेहमी एकाच घरी असतो असे नाही. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा अनेक देशांतील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली.

त्याच्या तीन टिंबांचा वारसा आज हौशी रेडिओवाले चालवीत आहेत. १९९३ चे नोबेल विजेते, खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी २००१ पासून क्षीण संकेतांसाठी संगणकीय पद्धती रचल्या. २०१७ च्या ‘एफटी-आठ’ पद्धतीत दोन्हीकडची घड्याळे जुळवून पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने छोटा निरोप आठ सुरांत पाठवितात. निरोपाबरोबर जादा अंक गुंफलेले असल्याने काही भाग गोंगाटात बुडाला तरी संगणक उरलेल्यावरून पूर्ण निरोप जुळवितो. गोंगाट संकेताच्या सुमारे सव्वाशेपट असला, तरीही तो वाचता येतो. माणसाच्या कानाला तेथे निव्वळ सूंऽऽ एवढेच ऐकू येते. मुख्य म्हणजे जुळवणी तपासून पाहिली जाते. ती पटली नाही तर संगणक सहसा गप्प राहतो, मनाचे काही सांगत नाही.

सिग्नल हिलवर हीच सोय नव्हती. आपल्या प्रयोगशाळेत हवे ते उत्तर येऊ लागले, की आपल्यालाही तीन टिंबे ऐकू येऊ लागतात. अशा वेळी कर्णा खाली ठेवावा आणि मार्कोनीप्रमाणे कागदाची फीत सुरू करावी.