एका देहातली जुगलबंदी : खाप्रूमामा पर्वतकर

आमच्या पेडणे तालुक्यात चवथीच्या दिवसांत माटोळीखाली घुमट वाजू लागले की घरात कुणाला शांत बसवत नाही. एकजण मांडीवर घुमट घेतो, दुसरा शामेळावर दोन काठ्या धरतो, तिसऱ्याच्या हातात कासाळे असते. माझे आजोळ डिचोली तालुक्यात. तिथे आजोबा शामेळ वाजवीत आणि त्यांचे धाकटे भाऊ घुमट. आरती संपली तरी त्या दोघांचे संपत नसे. एकाने बोल टाकावा, दुसऱ्याने तो फिरवून परत द्यावा आणि शेवटी दोघांनी एकदमच थांबावे! लहानपणी मला तो खेळ वाटे. पुढे तबला शिकायला बसलो तेव्हा कळले, की मोठ्या शहरांतले रसिक तिकीट काढून ज्या जुगलबंदीला जातात तिचेच हे घरगुती रूप.

त्याच आजोबांच्या तोंडी मी प्रथम खाप्रूमामांचे नाव ऐकले. नाव घेताना ते कानाच्या पाळीला हात लावीत.

खाप्रूमामांचे खरे नाव लक्ष्मणराव पर्वतकर. जन्म १८८० च्या सुमाराचा, दक्षिण गोव्यातल्या पारोडा-पर्वत भागातला. चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ ज्या डोंगरावर आहे तो हा भाग. पोर्तुगीज अमदानीतल्या त्या गोव्यात संगीत टिकले ते देवळांच्या आश्रयाने, आणि ते जपले कलावंत समाजाने. पुढे गाजलेल्या कितीतरी गायिका याच समाजातल्या. आमच्याच तालुक्यातल्या माल्पे गावच्या अंजनीबाई मालपेकर त्यांपैकी एक. त्यांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. गायिकांची नावे दूरवर गेली हे चांगलेच झाले. पण त्यांच्या मागे बसून सारंगी आणि तबला वाजवणारे भाऊ, मामा, काका मात्र मागेच बसून राहिले. समाजाने या घराण्यांची कला घेतली आणि मान देताना हात आखडला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

खाप्रूमामा अशाच मागे बसणाऱ्यांपैकी. घरात सारंगी, घुमट आणि तबला होताच. सुरुवातीला त्यांचा हात सारंगीवर चालला. पण त्यांचे मन स्वरापेक्षा लयीत अधिक रमले आणि त्या वेडाने त्यांना जन्मभर सोडले नाही. एका मात्रेचे किती तुकडे पडतील, सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट चालीत निघालेला बोल समेवर बिनचूक कसा यावा, याचाच त्यांना ध्यास.

आता त्यांची खरी करामत सांगतो. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा आणि तोंडाने आणखी वेगळाच, असे ते एकाच वेळी धरीत आणि सगळे मिळून समेवर येत. वाचकहो, ही गोष्ट किती अवघड आहे हे मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून हिशेबानेच सांगतो. तीनतालाच्या मात्रा १६, झपतालाच्या १०. दोन्ही सारख्या गतीने एकत्र सुरू केले तर त्यांची सम पुन्हा केव्हा जुळेल? मराठी शाळेत शिकलेला लसावि काढा : ८०. म्हणजे तीनतालाची ५ आवर्तने आणि झपतालाची ८ झाल्यावर. त्यात ७ मात्रांचा रूपक मिळवला की हाच आकडा ५६० वर जातो! आपण कागदावर आकडा मांडून मोकळे होतो. वाजवणाऱ्याला मात्र मधल्या प्रत्येक मात्रेला तिन्ही ठिकाणी आपण कुठे आहोत ते ठाऊक असावे लागते. याहून कठीण प्रकार म्हणजे तीनतालाच्या एका आवर्तनाच्या वेळात झपतालाचे पूर्ण आवर्तन बसवणे. तिथे झपतालाची एक मात्रा तीनतालाच्या १.६ मात्रांएवढी होते. ती हाताने अचूक टाकायला यंत्र नव्हे, खाप्रूमामाच हवेत.

आमच्या वसतिगृहात धारवाडकडचा माझा एक कन्नड मित्र आहे. त्याच्या घरी मृदंग वाजतो. त्याने मला दाक्षिणात्य मैफिलीतले तनि आवर्तन ऐकवले. त्यात मृदंग आणि घटम् यांचा सवालजवाब चालतो. घटम् म्हणजे नुसता मातीचा घडा, आमच्या घुमटाचा भाऊबंदच म्हणा. त्याला मी खाप्रूमामांविषयी कन्नडमध्ये सांगू लागलो. त्याने सरळ विचारले, हे ऐकायला गोड लागत असेल का?

प्रश्न वर्मी लागला, कारण तो नवा नाही. लयीचा इतका हिशेब म्हणजे गणित, संगीत नव्हे, असे मानणारे रसिक पुष्कळ आहेत. साधा श्रोता डोलेल तो स्वराला. पावणेदोनपट लय त्याच्या डोक्यावरून जाईल हे खरेच. मलाही नुसती अवघड लयकारी तासभर ऐकवणार नाही. परंतु ज्यांना स्वराचे बादशहा म्हणावे त्या अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाने खाप्रूमामांना मानले आणि 'लयब्रह्मभास्कर' या पदवीने त्यांचा गौरव झाला, हे विसरून कसे चालेल? लय किती खोल जाते हे खाँसाहेब जाणत होते. त्यांच्या गायकीचा डोलाराच मुळी लयीच्या बारीक वेलांट्यांवर उभा. मागे बसणाऱ्या साथीदाराला समोर बसवून ऐकावे, हा मान खाप्रूमामांनी मागून घेतला नाही, हिशेबाने मिळवला.

१९५३ साली ते वारले. त्यांनी लावलेले लयीचे वेड गोव्याच्या तबल्यात मुरले. पंढरीनाथ नागेशकरांनी त्यांच्याकडूनही विद्या घेतली आणि नागेशकरांचे शिष्य सुरेश तळवलकर यांनी लयकारीचा विचार आजच्या पिढीपर्यंत आणला.

आमच्याकडची गोष्ट निराळी. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले ते योग्यच झाले; आता बकऱ्याचे कातडे लावतात. आवाज थोडा बदलला. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले. पण आजोळी शामेळ धरणारा हात मात्र राहिला नाही. आजोबा गेले त्या वर्षी मी बारावीचे कारण सांगून चवथीला गेलो नव्हतो. पुढल्या वर्षी गेलो, काठ्या उचलल्या, आणि दुसऱ्याच आरतीला माझी सम चुकली. धाकटे आजोबा घुमटावर तोच बोल पुन:पुन्हा वाजवीत राहिले, मी यावा म्हणून.

तेव्हापासून रोज रात्री जमाखर्चाची वही मिटली की उजव्या हाताने १६ आणि डाव्या हाताने १० मात्रा टेबलावर मोजतो. शेजारच्या खोलीतून ओरड येईपर्यंत तिसऱ्या आवर्तनापर्यंत पोचतो.