कै. हरि नारायण आपटे

हरिभाऊ आपटे ह्यांचा जन्म १८६४ सालीं खानदेशांत पारोळें येथें झाला. पुढें आमच्या चिंचवडाशेजारचें पुणें हीच त्यांची कर्मभूमि झाली. गणितानें त्यांना पदवी मिळूं दिली नाहीं. वाचनाचा व्यासंग मात्र सुटला नाहीं. विद्यार्थिदशेंतच त्यांनीं आगरकरांच्या ‘विकारविलसिता’चें विस्तृत परीक्षण लिहिलें.

१८८५ सालीं आरंभिलेल्या ‘मधली स्थिति’ ह्या त्यांच्या पहिल्या कादंबरीस रेनॉल्ड्सच्या इंग्रजी ग्रंथाचा आधार होता. पुढें १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें व तींत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ प्रकरणशः येऊं लागली. येथें उसना सांगाडा उरला नाहीं. यमू आपली करुण कहाणी घरगुती भाषेंत स्वतःच सांगते. पांच-सहा वर्षांत लेखणी केवढी सुधारली!

परंतु साप्ताहिकांत छापलेलें प्रकरण परत घेतां येत नसे. त्यामुळें कोठें पाल्हाळ राहिला, तर ‘कर्मयोगा’सारखी कादंबरी अपुरीच राहिली. हरिभाऊ १९१९ सालीं निवर्तले.

आमच्या विद्यार्थिमित्रांवर छापखान्याची अशी निकड नाहीं. म्हणून आम्ही सुचवितों कीं, लिहिलेली गोष्ट आठ दिवस बाजूस ठेवावी. मग ती मोठ्यानें वाचावी. उसना प्रसंग व पाल्हाळ निर्दयपणें खोडावा आणि पुन्हां स्वच्छ लिहावी. पालकांनींही पहिल्या प्रतीचें कौतुक करून न थांबतां दुसरी मागावी. हरिभाऊंना जी सवड क्वचितच लाभली, ती आपल्या मुलांस आहे. ती वायां जाऊं नये.