डॉ. प्रिसिला व्हाइट : शुगर असलेल्या आयांची डॉक्टर

शुगर असलेल्या बाईने मूल होऊ देऊ नये, असा सल्ला खुद्द डॉक्टरच देत. हा काळ काही फार जुना नाही. अशा बाईला दिवस गेले की घरात आनंदाऐवजी धास्ती पसरायची. बाळाची शाश्वती नसे, आणि आईचा जीवही टांगणीला लागे. हे चित्र पालटण्यात डॉ. प्रिसिला व्हाइट यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांचा जन्म १९०० सालचा, अमेरिकेतला. तेव्हा हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलींना प्रवेशच नव्हता. तो मिळायला १९४५ उजाडलं. प्रिसिलाबाई १९२३ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी बोस्टनला मधुमेहतज्ज्ञ डॉ. इलियट जोस्लिन यांच्याकडे कामाला लागल्या. तिथे त्यांच्याकडे लहान मुलं सोपवली गेली.

इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा, म्हणजे अगदी ताजा. ज्या मुली पूर्वी एक-दोन वर्षांत दगावत, त्या आता रोज इंजेक्शन घेऊन मोठ्या होऊ लागल्या. मोठ्या झाल्या, लग्नं झाली, आणि साहजिकच त्यांना मूल हवंसं वाटू लागलं.

पण अडचण होतीच. गर्भारपणात वारेतून येणारी हार्मोन्स इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. साखर चढते. रक्तदाब वाढण्याची भीती असते. डोळे आणि मूत्रपिंडं आधीच बिघडलेली असतील तर त्यांच्यावर ताण येतो. बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, आणि तेव्हा तर कित्येक बाळं शेवटच्या आठवड्यांत पोटातच जात.

प्रिसिलाबाईंनी वारंवार तपासणी, मोजका आहार, गरजेप्रमाणे इन्सुलिन आणि दिवस पूर्ण भरण्याआधीच बाळंतपण, अशी पद्धत बसवली. मधुमेह कोणत्या वयात जडला, किती वर्षं आहे, रक्तवाहिन्या बिघडल्यात का, हे पाहून १९४९ मध्ये त्यांनी गरोदर स्त्रियांची वर्गवारी मांडली. कुणाला किती धोका, हे त्यातून आधीच कळू लागलं.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. त्या देत असलेल्या स्टिलबेस्ट्रॉल या हार्मोनचा उपयोग नाही, उलट अपाय आहे, हे पुढे सिद्ध झालं. पण सततची देखरेख मात्र टिकली. सुरुवातीला शंभरातली जेमतेम ५४ बाळं वाचत. १९७४ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा हा आकडा नव्वदच्या वर गेला होता. १९६० मध्ये बँटिंग पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९८९ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज आपल्याकडे पूर्वी शुगर नसलेल्या बायकांनाही गर्भारपणात ती होते. बाळंतपणानंतर बहुधा जातेही, पण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका मागे ठेवून. म्हणून सरकारी मार्गदर्शनानुसार प्रत्येक गरोदर स्त्रीची साखर तपासायची असते: पहिल्या भेटीत, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. घरातल्या ताई-वहिनीला दिवस गेले असतील, तर ही तपासणी झाली का, एवढं आपण नक्की विचारू शकतो.