परभाषेने जोडलेली मावशी

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव निघाले की त्यांची वैद्यकीय पदवी आठवते; त्या पदवीमागील भाषासाधना मात्र सहसा आठवत नाही.

१८६५ साली जन्मलेली यमुना ही कल्याणच्या जोशी घराण्यातील कन्या. नवव्या वर्षी विवाह झाला आणि टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळरावांनी तिला शिकविण्याचा ध्यास घेतला. पतीच्या कडक शिस्तीत सुरू झालेले इंग्रजी हळूहळू तिचे स्वतःचे झाले. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. त्या आघातातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. पण इंग्रजीवाचून ते शक्य नव्हते.

याच भाषेतून १८८० मध्ये अमेरिकेतील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी पत्रव्यवहार जुळला. कधीही न पाहिलेली ही परदेशी स्त्री आनंदीबाईंची मावशी झाली. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी परदेशगमनामागील हेतू इंग्रजी भाषणातून निर्भयपणे मांडला आणि त्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळविताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परक्यांचे ज्ञान घेता घेता स्वकीयांचे ज्ञान त्यांना सांगण्याचे बळही भाषेनेच दिले.

मायदेशी रुग्णसेवा करण्याचे स्वप्न मात्र अपुरे राहिले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा मावशीकडे अमेरिकेस पाठविण्यात आली. पत्रांतून जुळलेले नाते मृत्यूनंतरही तुटले नाही.